पहिली भेट कुणीही देतं: गावात मानसिक आरोग्याचं काम करू पाहणाऱ्यांसाठी

दरवर्षी निकाल लागले की एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्रात एमए झालेल्या मुलामुलींचे फोन यायला लागतात. "ताई, मला कम्युनिटी मेंटल हेल्थमध्ये काम करायचंय, कुठला कोर्स करू?" कोर्सचं सांगतेच, पण आधी विचारते, एकाच घरी पुन्हा पुन्हा जायचा कंटाळा तर नाही ना येणार? पहिली भेट कुणीही देतं. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, त्याची रॅली, शाळेतल्या पोरांच्या हातात फलक, ग्रामपंचायतीसमोर फोटो, सरपंचांचं भाषण. दुपारच्या जेवणाआधी सगळं उरकतं. ती रॅली बघून ज्या बाईच्या मनात आलं की हे तर माझंच चाललंय, तिच्याकडे पुढच्या आठवड्यात कोण गेलं? मला विचाराल तर आपला पगार त्यासाठी असतो.

मी बीड जिल्ह्यात एका संस्थेच्या वतीनं काम करते. माझं शिक्षण एमएसडब्ल्यू. समाजकार्याच्या वाटेनं यायचं तर वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य हा विषय घ्या. मुंबईतली टाटा सामाजिक विज्ञान संस्था, निर्मला निकेतन, पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था ही नावं तुम्हाला ठाऊक असतीलच. मानसशास्त्राच्या वाटेनं येऊन चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या एमएवर ती पाटी लावू नका. निदान करणं आणि गोळी लिहिणं हे मनोविकारतज्ज्ञाचं काम. ही रेघ पहिल्या दिवसापासून पाळायची. गावात तुम्हाला सगळेच "डॉक्टरीणबाई" म्हणणार आणि ते कानाला गोड लागतं, म्हणून सांगून ठेवते.

सरकारी चौकट थोडक्यात अशी. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला, कर्नाटकातल्या बळ्ळारीत तो जिल्हा पातळीवर करून पाहिला गेला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम या नावानं टप्प्याटप्प्यानं पसरला. त्याचं पथक जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत सिव्हिलला, बसतं: मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजसेवक, परिचारिका. बरीचशी पदं कंत्राटी असतात, हे घरच्यांना आधीच सांगा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं. त्यांत मराठवाडा नाही, त्यामुळे आमच्याकडे "येरवड्याला न्यावं लागेल" हे वाक्य अजून धमकीसारखं वापरलं जातं.

आकडेही जपून वापरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. व्यासपीठावरून हा आकडा फेकणाऱ्यांना हे सहसा माहीत नसतं. तरीही त्या हिशोबानं दोन हजार वस्तीच्या गावात शंभरावर माणसं निघतील. शिबिराला मात्र पाच येतात, आणि त्यांतली तीन चष्म्याचं शिबिर समजून आलेली असतात.

गावात शिरायचं ते आशाताईंच्या मागून. कुठल्या घरात सून आठवडाभर बाहेर दिसली नाही, कुणाचा पोरगा रात्रभर ओट्यावर बसून असतो, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यामुळे पहिल्याच भेटीत त्यांना फॉर्म देऊ नका. लसीकरणाच्या दिवशी जाऊन वजनकाट्यापाशी उभं राहा, नावं लिहून द्या, चहा घ्या. बचत गटाच्या बैठकीत शेवटची दहा मिनिटं मागा. मानसिक आरोग्य हा विषय आहे असं सांगून बोलवाल तर कुणी येणार नाही. झोप, डोकेदुखी, अशक्तपणा यांवर बोलायचंय म्हणा, चटईवर जागा उरत नाही.

उपकेंद्रावर बायका येतात त्या कंबर दुखते, हातापायाला मुंग्या येतात, अंगावरून पांढरं जातं असं सांगत. यातली शेवटची तक्रार नीट ऐका. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास केला, तेव्हा पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त निघाला. म्हणून तपासणी टाळायची असं मुळीच नाही. तपासणी करा, औषध द्या, आणि ते देता देता झोपेचं विचारा.

असंच एकदा एका मावशींशी बोलत होते. चाळिशीच्या असतील. शेजारी सासूबाई मांडी ठोकून बसलेल्या.

"मावशी, झोप लागती का?"

"लागती की."

"पहाटं जाग येती?"

सासूबाई म्हणाल्या, "तिला काय धाड भरलीय, बिनघोर झोपती."

मावशी गप्प. मी नर्सताईंकडे बघितलं, त्यांनी ओळखलं आणि सासूबाईंना बीपी बघायला आतल्या खोलीत नेलं. पट्टा बांधून सोडेपर्यंतच्या वेळात मावशींनी पदराचा काठ बोटाला गुंडाळत सांगितलं, "दोनला जाग येती बाई. मग पत्रे मोजत पडते. भाकरी थापताना मधीच हात थांबत्यात, कळत न्हाई पुढं काय करायचं." आत सासूबाईंचा बीपी खरोखरच वाढलेला निघाला, तो भाग वेगळा. सांगायचं हे की एकांत आयता मिळत नाही, तो काढावा लागतो. बीपी, वजन, शेळी बांधायला जाणं, पाण्याची खेप, जे हाताशी असेल ते वापरा.

नैराश्याच्या पहिल्या चाचपणीसाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं नाही का, झोप, भूक, थकवा, असे प्रश्न. गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांपर्यंत न्यायचं. कागद समोर धरून वाचत सुटू नका, प्रश्न पाठ करा आणि गप्पांतून काढा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. नवखी मंडळी तो गाळतात किंवा "तसलं काही मनात येत नाही ना?" असा विचारतात, म्हणजे नकार आपणच तोंडात घालायचा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. सरळ विचारा: "जगून काय करायचं, असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?"

उत्तर हो आलं, तर त्या दिवसाची बाकीची कामं रद्द. माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच्या पसंतीच्या एका घरच्याला विश्वासात घ्यायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधं दारामागे, माळ्यावर उघडी असतात. ती कुलुपात किंवा भावकीतल्या दुसऱ्या घरी हलवायला लावायची. हा उपाय साधा वाटतो, पण श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आलं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मोफत आहे. त्यांच्या समोर एकदा लावून दाखवा, नुसता लिहून देऊ नका. आणि "पोलीस केस होईल" ही भीती काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ राहिलेलं नाही. दवाखान्यात पोलीस नोंद घेतात, तेवढ्यानं घाबरून लोक उपचार लपवतात.

आता दुसऱ्या भेटीचं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्रास मात्र लगेच सुरू होतो: मळमळ, तोंडाला कोरड, गुंगी. म्हणजे पहिल्या आठवड्यात माणसाला वाटतं की औषधानं उलट बिघडलंच. चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्या देवळीत जातात आणि तिथंच राहतात. म्हणून मी आठवड्याच्या आत जाते. गोळ्यांची पट्टी बघायला मागायची नाही, तो पोलिसी कारभार होतो. "तोंड कोरडं पडतं का?" एवढं विचारलं की सगळं आपोआप बाहेर येतं.

आमच्या जिल्ह्यात या भेटींचं वेळापत्रक साखर कारखाने ठरवतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास अर्धी गावं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिलला परततात. सप्टेंबरमध्ये सुरू केलेले उपचार ऑक्टोबरात टोळीबरोबर निघून जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशोबात दोघांची एक जोडी. त्यातलं एक बसलं की खाडा पडतो, मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या मजुरीतून, पैसे कापतो. पहाटे अंधारात फडात उतरायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. अशा माणसाला रात्रीची गुंगी आणणारी गोळी दिली तर तो ती घेणारच नाही, आणि हाती कोयता असताना घेऊही नये. डॉक्टरांना हे माहीत असतंच असं नाही. ते सांगणं आपलं काम. मी भाद्रपदातच यादी काढते: कोण जाणार, कुठल्या कारखान्यावर, तिथून जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं. डॉक्टरांना शक्य असेल तर जास्त दिवसांची औषधं मागायची. केसपेपरचा फोटो नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोघांच्याही फोनमध्ये. संपर्कासाठी मुकादमाचा नंबर घ्यावाच लागतो, पण आजाराचं त्याला अवाक्षर सांगायचं नाही. पुढच्या वर्षीची उचल जाते. मी फोन केला की "बचत गटाच्या हप्त्याचं बोलायचंय" म्हणते. खोटं आहे, पण ते मला चालतं.

देवऋषी आणि दर्ग्याशी भांडू नका. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याला लोक जाणारच. गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यावर मुजावरांनाच सोबत घेऊन दुवा आणि दवा एकत्र देण्याचं काम झालं, ते शहाणपणाचं वाटतं. माझी अट दोनच गोष्टींची: गोळी बंद करायची नाही, आणि साखळदंड नाही. साखळीनं बांधणं २०१७ च्या कायद्यानं बंद आहे. मारहाण आणि अघोरी प्रकारांसाठी महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कायद्याचं नाव पहिल्या दिवशी काढू नका, पण तो पाठ असू द्या.

"आपल्यासारख्यांच्या बोलण्यानं काय होतं?" असं कुणी हिणवलं तर गोव्याचं उदाहरण द्या. तिथे संगाथ या संस्थेनं मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना तयार केलं, त्यांनी सहा ते आठ बैठकांत नैराश्य असलेल्यांना पुन्हा छोट्या छोट्या कामांत आणलं, आणि २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांचा गट बराच पुढे निघाला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' या प्रकल्पानं गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला शिकवलं. पद्धत फार गूढ नाही. वर सांगितलेल्या मावशींबरोबर आम्ही काय ठरवलं, तर आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मंदिरात हरिपाठाला जायचं. बरं वाटलं की जायचं असं नाही, वाटो न वाटो जायचं. पहिल्या वेळी त्या पायरीवरून परत आल्या. मग शेजारच्या काकूंना बोलवायला पाठवलं.

कागदपत्रं शिकून घ्या. दीर्घ मानसिक आजार असलेल्यांना ४० टक्क्यांपुढे अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. तहसीलच्या चार चकरा वाचवल्या की घरचे पुढची दोन वर्षं तुमचं ऐकतात.

स्वतःचा खासगी नंबर सगळ्यांना वाटू नका. रात्री अकराला येणारा फोन तुम्ही महिनाभर घ्याल, मग फोन वाजला की पोटात गोळा यायला लागेल. रात्रीसाठी १४४१६ आहे. तुमच्या अवघड केसेस दर आठवड्याला कुणीतरी अनुभवी माणूस ऐकून घेतो, अशीच नोकरी धरा.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. मनोविकारतज्ज्ञ ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून किती वेळा येतात? औषधं संपतात तेव्हा काय करता? केसेसवर बोलायला माझ्या वर कोण आहे? पेट्रोलचे पैसे पहिल्या भेटीचे देता की दरवेळचे? अहवालात रॅलीला आलेल्यांचा आकडा मागता, की तिसऱ्या महिन्यात गोळ्या चालू असलेल्यांचा? दुसऱ्या प्रश्नाला "तसं कधी होत नाही" असं उत्तर आलं, तर दुसरी संस्था बघा.