सेकंडहँड बाईकचे टाईट टॅपेट घरी कसे सेट करावेत

जुनी बाईक बघायला गेलं की आपण स्टार्ट करायला सांगतो आणि इंजिनाला कान लावतो. टकटक आली तर नाक मुरडतो, आवाज नसला तर खूश होतो. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून दाखवण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) आवळून आवाज घालवलेल्या गाड्या भेटतात. भांडुपला मी घेतलेली शंभर सीसीची गाडी अशीच होती, अगदी गप्प. तीन आठवड्यांत सकाळी किक मारून मारून पोटरी दुखायला लागली, आणि तापली की सिग्नलला बंद पडायची. मेकॅनिक कार्ब्युरेटर साफ करत राहिला. दोष टॅपेटचा होता.

व्हॉल्व्हची दांडी आणि ती दाबणारा रॉकर यांच्यात थंड इंजिनात थोडी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. फट उरली नाही तर तो सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला तर ते जास्तच भोवतं. त्याची बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर कड जळते. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये एअर-कूल्ड इंजिनाला वाराही मिळत नसतो. कुणी आवळले नसले तरी वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततो आणि फट आपोआप मिटत जाते. ढिला टॅपेट ओरडून सांगतो, टाईट टॅपेट काहीच बोलत नाही.

आधी गाडीत स्क्रूचे टॅपेट आहेत का ते मॅन्युअलमध्ये बघा. रॉयल एनफिल्डच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथे सेटिंग नसतं. केटीएम ३९० ड्यूकसारख्या इंजिनात शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकत्या, बदलावे लागतात. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने ते करू नये. फटीचा आकडाही मॅन्युअलमधूनच घ्या. छोट्या इंजिनांत तो बहुधा ०.०५ ते ०.१२ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण मॉडेलप्रमाणे बदलतो आणि इनटेक-एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो.

सामान थोडकंच: ०.०४ पासूनची पातळ पाती असलेला, फट मोजायचा फिलर गेज, टॅपेटची चावी, स्क्रू जागेवर धरणाऱ्या चेक नटला बसणारा रिंग पाना, प्लग पाना आणि टॅपेट कव्हरच्या नव्या ओ-रिंगा. फिलर गेज नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो.

गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा आणि सकाळी कामाला लागा. मे महिन्यात उन्हात तापलेल्या इंजिनावर घेतलेलं माप फसवं. प्लगभोवतीची माती फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. मग प्लग आणि दोन्ही टॅपेट कव्हर काढा.

आता पिस्टन टॉपला, म्हणजे सगळ्यात वर, आणायचा. घाई केली तर चूक इथेच होते. गाडी सेंटर स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने हळूहळू फिरवा. मॅग्नेट कव्हरच्या छोट्या खिडकीतून ‘टी’ची खूण दिसते, पण ती दर फेरीला येते, आपल्याला कॉम्प्रेशनची हवी, जिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दोन्ही रॉकर बोटाने हलले की टॉप आला, असं मेकॅनिक सांगतात. टाईट टॅपेटवर हा नियम चालत नाही, कारण फटच नसते, हलणार काय? म्हणून इनटेकच्या, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या, रॉकरवर नजर ठेवा. तो व्हॉल्व्ह दाबून परत वर आला की त्यानंतर येणारी पहिली ‘टी’ची खूण तुमची.

काही ढिलं करण्याआधी आहे ती फट मोजा आणि वहीत लिहा. माझ्या एक्झॉस्टमध्ये ०.०४ चं पातंही शिरत नव्हतं.

चेक नट सैल करा, स्क्रू उलटा पाव फेरा फिरवा. हवं ते पातं आत सरकवा आणि स्क्रू हलक्या हाताने खाली आणा, दोन बोटांत धरलेला कागद ओढताना लागते तेवढीच ओढ पात्याला लागेपर्यंत. स्क्रू चावीने घट्ट धरून नट आवळा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून लगेच पुन्हा मोजा. मला एक्झॉस्टला चार वेळा करावं लागलं. मॅन्युअलने दोन आकड्यांमधली मर्यादा दिली असेल तर मी जास्त फटीच्या बाजूला राहतो.

चाकाने इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवून, परत कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून, दोन्ही मापं पुन्हा घ्या आणि वहीत लिहा. मग नव्या ओ-रिंगांना तेलाचं बोट लावून कव्हर बसवा. प्लग आधी हातानेच फिरवत न्या, पाना शेवटी. हेडचे आटे खराब झाले तर खर्च मोठा.

स्टार्ट केल्यावर बारीक टिकटिक ऐकू येईल. ती असू द्या, आणि कुणी ‘आवळून देतो’ म्हणालं तर देऊ नका. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा थंड इंजिनावर मोजून वहीतल्या या नव्या आकड्याशी ताडून बघा. एवढ्यात फट पुन्हा मिटली असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालला आहे. अशा वेळी टॅपेट ढिले करत बसू नका, हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट तपासून घ्या.