ड्रग्ज इम्पोर्टच्या केसमध्ये आरोपीचं काम कसं करायचं: नवीन वकिलांसाठी माझा अनुभव

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची, कामं शिकायला येणारी मुलंमुली हमखास विचारतात की सर, माल तर सापडलेलाच असतो मग आपण करायचं काय. मी एवढंच सांगतो की आधी पंचनामा वाच, कलमं नंतर, आणि मग सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) म्हणजे लॅबचा रिपोर्ट शेजारी ठेवून परत वाच.

परदेशातून माल आणल्याचा आरोप असला की कलम २३ लागतं, जोडीला मूळ मनाईचं ८ (सी), पदार्थ बघून २०, २१ किंवा २२, आणि दोन माणसं असली की कटाचं २९ आलंच. शिक्षा सगळी वजनावर. कोकेन १०० ग्रॅम, हेरॉईन २५०, एमडी म्हणजे मेफेड्रोन ५०, एमडीएमए तर फक्त १०, याच्या वर गेलं की कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे १० ते २० वर्षं आणि १ ते २ लाख दंड. गांजाची मर्यादा मात्र २० किलो. त्यामुळे बँकॉकहून आलेल्या बॅगेत सहा किलो हायड्रोपोनिक गांजा मिळाला आणि पेपरात कोटींचा आकडा छापून आला तरी कायदा किंमत बघत नाही, वजन बघतो, आणि सहा किलो मधल्या क्वांटिटीत बसतं, तिथे जामिनासाठीची कलम ३७ ची कडक अट लागत नाही. घरचे लोक पेपर वाचून अर्धे खचलेले असतात, त्यांना हे पहिल्याच भेटीत नीट समजावून सांगा. मालात भेसळ आहे, शुद्ध माल कमी आहे हा युक्तिवाद मात्र २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर चालत नाही, मिश्रणाचं पूर्ण वजन धरतात.

कमर्शियल असेल तर ३७ आडवं येतं, आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर जाऊन तो परत गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी कोर्टाला पटल्याशिवाय जामीन नाही. म्हणून जामीन होईल असं अशिलाला किंवा त्याच्या आईवडिलांना कधीच सांगू नका, कितीही रडले तरी नाही. पण तारखांवर नजर ठेवा. तपास पूर्ण करायला १८० दिवस असतात, सरकारी वकिलांच्या (पीपी) रिपोर्टवर कोर्ट एक वर्षापर्यंत वाढवू शकतं, आणि मुदतवाढ नाही, चार्जशीट किंवा तक्रारही नाही अशी स्थिती आली की त्याच सकाळी डिफॉल्ट बेलचा, म्हणजे तपासाची मुदत उलटल्यामुळे हक्काने मिळणाऱ्या जामिनाचा, अर्ज टेबलावर पाहिजे. रिमांडचा पहिला दिवस मोजणीत धरायचा. एम. रवींद्रन विरुद्ध डीआरआय (महसूल गुप्तचर संचालनालय) हा २०२० चा निकाल मुळापासून वाचा, त्यात अर्ज आधी आला आणि तक्रार त्याच दिवशी नंतर दाखल झाली, तरी सुप्रीम कोर्टाने आरोपीचा हक्क मान्य केला.

आता पंचनाम्याकडे येऊ, कारण खरी केस इथेच असते. वजन साधारण तीन ठिकाणी लिहिलेलं असतं, जप्तीच्या पंचनाम्यात, कलम ५२ए खाली मॅजिस्ट्रेटसमोर होणाऱ्या जप्त मालाच्या यादीत (इन्व्हेंटरी), आणि सॅम्पलचं वजन लॅबच्या रिपोर्टमध्ये. तिन्ही एका कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी उतरवून काढा. समजा पंचनाम्यात पाकिटासकट ३१२ ग्रॅम आणि इन्व्हेंटरीत २९६, तर पाकीट वेगळं तोललं होतं का, काटा कुठून आणला, ते पंचाला आठवतं का. सॅम्पल ५ ग्रॅमचं पाठवलं आणि लॅबला ६.२ मिळालं तर हा फरक आला कुठून. पावडर पंचनाम्यात पांढरी आणि रिपोर्टमध्ये पिवळसर, असंही बघायला मिळतं. सील कोणाचं होतं, सील मारून झाल्यावर ते कोणाकडे राहिलं, मुद्देमाल रजिस्टरला नोंद किती वाजताची आहे, लॅबला घेऊन जाणारा शिपाई साक्षीदारांच्या यादीत आहे का. उलटतपासणी यातूनच उभी राहते. पण ५२ए मध्ये चूक सापडली म्हणजे केस जिंकली असं समजू नका, २०२४ च्या काशिफ आणि २०२५ च्या भारत आंबाळे निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तेवढ्यावरच जामीन किंवा निर्दोष सुटका आपोआप मिळत नाही, त्या चुकीमुळे पुराव्यावर नेमका काय संशय येतो ते तुम्हाला दाखवावं लागतं.

कलम ५० बद्दलही नवीन लोकांचा गोंधळ होतो, ते अंगझडतीला लागतं, हातातल्या बॅगेला नाही. एअरपोर्टच्या बहुतेक केसमध्ये माल बॅगेतच असतो, तिथे ५० वर वेळ घालवू नका.

इम्पोर्टच्या केसमध्ये खरा मुद्दा असतो की त्याला माहीत होतं का. कलम ३५ आणि ५४ आरोपीच्या विरोधात गृहीतक धरतात, पण सुप्रीम कोर्टाचा नूर आगा निकाल (२००८) सांगतो की मूळ गोष्टी आधी सरकारपक्षाने सिद्ध करायच्या, मगच ओझं आरोपीवर येतं. नूर आगा हा अफगाण माणूस होता, अमृतसरच्या विमानतळावर कार्टनमध्ये हेरॉईन सापडल्याचा आरोप होता, कोर्टाने ही कलमं घटनाबाह्य ठरवली नाहीत तरी पुराव्यातल्या त्रुटींमुळे तो सुटला. आपल्याकडे आता पार्सलच्या केस येतात, हिंजवडीच्या एखाद्या पीजीच्या पत्त्यावर परदेशातून पाकीट, कस्टम्स ते आधीच पकडतं आणि ५०ए खाली नजर ठेवून पुढे जाऊ देतं, घेणारा सही करतो आणि अटक. तिथे विचारायचं की ऑर्डर कोणी दिली, पैसे कुठून गेले, पाकिटावरचा मोबाईल कोणाच्या नावावर आहे, त्याने पाकीट उघडलं होतं का, रूममेट किती जण होते. मोबाईलमधले चॅट दाखवले तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट मागा, आधी ते ६५बी होतं, आता साक्ष अधिनियमाचं ६३. आणि तपास अधिकाऱ्यांनी कलम ६७ खाली घेतलेला कबुलीजबाब तोफान सिंग निकालानंतर (२०२०) पुरावा म्हणून चालत नाही, तेव्हा तो बाजूला ठेवून उरलेल्या कागदांत काय शिल्लक राहतं ते बघा. कित्येकदा फार थोडं राहतं.

अशील परदेशी असेल तर येरवडा जेलमधल्या मुलाखतीला दुभाषा घेऊन जा, आणि पंचनामा त्याला कुठल्या भाषेत समजावला होता ते त्याच्याच तोंडून ऐका. त्याला काय बोलायचं ते शिकवू नका, जे झालं ते त्याला सांगू द्या.

लोक विचारतात अशा माणसाची केस घेववते कशी. ड्रग्जनी पोरं वाया जातात हे मलाही दिसतं आणि त्रासही होतो. पण २० वर्षं एखाद्याला आत टाकायचं तर कागद तपासणारं कोणीतरी त्याच्या बाजूला उभं पाहिजेच, आणि ज्याच्या फक्त पत्त्यावर पाकीट आलं त्या पोराला तर त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

सुरुवात करायची असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात चौकशी करा, ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केस तिथून चालतात. आणि मोकळ्या वेळात विशेष कोर्टात मागच्या बाकावर बसून पंचाची उलटतपासणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, वही घेऊन, मधे चहाला न उठता.