घाटाखाली मासळी जेवायला जाताना

बेळगाव-खानापूरकडून किनाऱ्याला उतरायचे दोन सोयीचे मार्ग आहेत: जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला, किंवा आंबोलीवरून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणला. सकाळी लवकर निघावे, कारण लहान खानावळींतील ताजी मासळी दुपारी दोन-अडीचनंतर संपते आणि पुष्कळ ठिकाणी संध्याकाळपर्यंत दार बंद असते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना समुद्रातील मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली असते, म्हणून तेव्हा खाडीची मासळी किंवा सुके मासे मागवणे मला अधिक योग्य वाटते.

बसल्यावर पदार्थांची यादी पाहण्याऐवजी ‘आज काय आले आहे?’ असे विचारावे. अख्खा मासा घेणार असाल तर तो आधी पाहावा: डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लालभडक आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे असावे. पापलेट, सुरमई यांचा दर आकारानुसार ठरतो, तो तळण्यापूर्वीच निश्चित करून घ्यावा.

आपल्याकडच्या झणझणीत रश्श्याची अपेक्षा मात्र इथे ठेवू नये. ओल्या नारळाच्या वाटणात तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी उकड्या तांदळाच्या भाताबरोबरच खरी खुलते, आणि तिरफळे चावायची नसून ताटाच्या कडेला काढायची असतात. सोलकढी शेवटी, शांतपणे प्यावी.