गाईचा रिपोर्ट माणसाच्या आकड्यांनी वाचू नका

तासगाव-विट्याकडे जवळ सोय नसली की गाईचं रक्त माणसांच्या लॅबमध्ये जातं. रिपोर्टवर शेजारी छापलेली 'नॉर्मल' रेंज मात्र माणसाची असते. हिमोग्लोबिन 9.5 आलं की तिथे 'कमी' लिहून येतं. गाईत साधारण 8 ते 15 चालतं.

खरी गफलत होते पांढऱ्या पेशींत. माणसात न्यूट्रोफिल जास्त, तर निरोगी मोठ्या गाईत लिम्फोसाइट जास्त. त्यामुळे लिम्फोसाइट 60 टक्के बघून घाबरायचं कारण नाही. उलट न्यूट्रोफिल 60 टक्के असतील तर माणसाच्या रेंजमध्ये ते बिनधास्त बसतात, पण गाईत ती दगडी (कासेची सूज) किंवा गर्भाशयाच्या सुजेची खूण असू शकते. नुसत्या ताणानेही ते वाढतात, म्हणून कास आणि ताप तपासल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

संकरित गाईला ताप, गोचीड आणि गाठी सुजलेल्या असतील तर फक्त काउंट करून भागत नाही. थायलेरिया (गोचिडातून येणारा रक्तातला परजीवी) काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो; पट्टी मागून घ्या.

काउंटसाठी नमुना जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्या, हलकेच उलटसुलट करा, जोरात हलवू नका. बर्फाला थेट टेकवूही नका. पेशी फुटल्या की एएसटी (यकृत-स्नायूंच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम) उगाच वाढलेलं दिसतं. चिठ्ठीवर जात, वय, गाभण किती महिन्यांची आणि वेत कधी झालं, हे लिहायलाच हवं.