बार्मब्रॅक घरी करताय? या चुका टाळा

आयर्लंडमध्ये हॅलोवीनला, म्हणजे 31 ऑक्टोबरला, बार्मब्रॅक (थोडक्यात ब्रॅक), म्हणजे बेदाणे घातलेला गोड ब्रेड, कापतात. ज्याला तुकड्यात अंगठी सापडेल त्याचं वर्षभरात लग्न ठरणार, असा समज. (अंगठी घालायचीच तर बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि खाणाऱ्यांना आधी सांगा.) मूळ ब्रॅक यीस्टचा. घरी मात्र चहातला ब्रॅक सोपा: 350 ग्रॅम बेदाणे, 300 मिली कोरा चहा, 125 ग्रॅम ब्राउन शुगर, 225 ग्रॅम मैदा, 3 छोटे चमचे बेकिंग पावडर, एक अंडं, थोडी दालचिनी-जायफळ पूड. लोणी अजिबात नाही. म्हणूनच ओलाव्याची सगळी भिस्त बेदाण्यांवर असते, आणि बहुतेकांचा ब्रॅक तिथेच फसतो.

तास-दोन तास भिजवून भागत नाही. अर्धवट भिजलेले बेदाणे भाजताना पिठातलं पाणी ओढतात आणि ब्रेड कोरडा होतो. साखर घालून चहात रात्रभर भिजवा. चहा आपल्यासारखा खळखळून उकळू नका, कडवट होतो. उकळत्या पाण्यात चहापूड टाकून पाच मिनिटं झाका आणि गाळा. सकाळी उरलेला चहा फेकू नका, तो पिठासाठीच आहे. पण सगळे बेदाणे सारखं पाणी पीत नाहीत, त्यामुळे थोडा बाजूला ठेवून लागेल तसा घाला. पीठ चमच्यावरून सावकाश, गोळ्याने पडलं पाहिजे. पातळ झालं की बेदाणे तळाशी बसतात. बियांच्या काळ्या मनुका तर नकोतच.

मैदा घातल्यावर फेटत बसू नका. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा आणि लगेच टिनमध्ये ओता. जास्त फेटलं तर ब्रॅक चिवट होतो.

170 अंशांवर तास-सव्वा तास लागतो. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असल्याने माथा आधीच काळा पडतो. रंग आला की फॉइल झाका. वर डोकावणारे बेदाणे आधीच बोटाने आत दाबा, जळले की कडू लागतात. सुई चिकट निघाली तर दुसरीकडे टोचून पाहा, बेदाणाच लागला असेल.

यीस्टचा करत असाल तर फळं मळणीच्या शेवटी, निथळून घाला. दालचिनीही बेताने, ती यीस्टला मंदावते.

गरम ब्रॅक कापला तर भुगा होतो. पूर्ण गार झाल्यावर गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी कापा आणि वर खारं बटर सढळ हाताने लावा.