डोळे सगळ्यात शेवटी

जलरंगातलं मोकळं व्यक्तिचित्र म्हणजे बेधडक फटकारे, अशा समजुतीत माझी पहिली वीसेक चित्रं चिखलात गेली. खोट रंगात नव्हती, पेन्सिलीत होती. डोळ्यांमधलं अंतर चुकलं की वर रंग कितीही सुंदर ओघळोत, माणूस ओळखू येत नाही. आता निम्मा वेळ मी रेखाटनातच घालवते.

कागदात काटकसर नको. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड) सुती, कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत पोताचा घ्या. पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत पाणी साचतं. रंग चारच पुरतात: यलो ऑकर, कॅडमियम रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरिन ब्लू. ब्रश 12 नंबरचा गोल. (बारीक ब्रश दुसऱ्या खोलीत ठेवा. हाताशी असला की पापण्या मोजायचा मोह होतो.)

पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, कपाळापासून मानेपर्यंत सलग, फक्त चमकणाऱ्या जागा कोऱ्या सोडून. तो ओला असतानाच गालांत, नाकाच्या शेंड्यावर, कानांत लाल सोडायचा; हनुवटीकडे किंचित निळा. मग हात मागे! माझी सगळ्यात जास्त चित्रं इथेच बिघडली. अर्धवट वाळलेल्या वॉशला पाणीदार ब्रश टेकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलतो. तळहाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर अजून ओल आहे.

दुसऱ्या फेरीत सावल्या. डोळे किलकिले करून बघितलं की डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, वरचा ओठ, हनुवटीखालचा भाग असा एकच जोडलेला आकार दिसतो. तो तसाच, एका दमात रंगवायचा. मला वर्षभर तो तुकड्यातुकड्यांनीच दिसायचा. रंग वाटतो त्याहून गडद कालवा, कारण वाळल्यावर जलरंग फिका पडतो. जिथे केस सावलीत बुडतात, तिथली कडा स्वच्छ ओल्या ब्रशने विरघळू द्या.

डोळ्यांना शेवटी दोन-तीन गडद ठिपके बास.

माझ्या बऱ्या जमलेल्या चित्रांत उजेडाकडचा कान जवळपास नसतोच. तो कुठे गेला, असं अजून कुणी विचारलेलं नाही.