कार्ड कॅनडात, मी नागपुरात

बाबांच्या बायपाससाठी घाईत नागपूर गाठलं तेव्हा जुन्या पीआर कार्डाची (म्हणजे कॅनडातल्या कायम रहिवाशाच्या ओळखपत्राची) मुदत संपली होती आणि नवं यायचं होतं. आई रोज विचारायची, "कार्ड येऊन राहिलं का नाही रे?"

कार्ड संपलं म्हणून पीआरचा दर्जा जात नाही, पण वैध कार्डाशिवाय कॅनडाच्या विमानात बसू देत नाहीत. (हे मला निघण्याआधी सुचायला हवं होतं!) उपाय एकच: बाहेरून 'पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट'साठी अर्ज. फी ५० कॅनेडियन डॉलर. पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे राहिल्याचा पुरावा म्हणून टॅक्सची कागदपत्रं, पगाराच्या स्लिपा आणि पासपोर्टचं प्रत्येक पान जोडलं.

अडलो फोटोवर. सीताबर्डीतल्या स्टुडिओवाल्याने सवयीने आपला पासपोर्ट साइज काढला. कॅनडावाल्यांना हवा ५० बाय ७० मिलिमीटर, चेहरा हनुवटीपासून डोक्यापर्यंत ३१ ते ३६. "भाऊ, एवढा लांबोडका?" म्हणत त्याने पट्टी लावून पुन्हा कापला.

डॉक्युमेंट आलं, पण ते एकाच प्रवेशाचं. त्यामुळे नवं कार्ड हाती येईपर्यंत कॅनडातून पुन्हा बाहेर फिरायला जायचा बेत मी मुकाट्याने गुंडाळला. बाबा तोवर धरमपेठेत फिरायला जाऊ लागले होते.